दम पहाटेच का लागतो?

प्रश्न : आमची आई ६२ वर्षांची आहे. दमा जुनाच. पावसाळ्यात, मंगाईच्या यात्रेच्या आसपास, आणि पुन्हा दिवाळीनंतर तिचा दम वाढतो. पण लागतो तो नेहमी रात्री दोन-तीनच्या पुढं. दिवसा घरात हिंडणारी-फिरणारी आई मध्यरात्री उठून बसते, खिडकी उघडते, एक वाक्य पुरं बोलू शकत नाही. मग रिक्षा शोधायची आणि कॅज्युअल्टी गाठायची. तिथं वाफ देतात, इंजेक्शन देतात, तास-दोन तासांत बरं वाटतं, उजाडल्यावर घरी. आठ-दहा दिवसांत परत तेच. मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. दम रात्रीच का लागतो? आणि दवाखान्यातून बरा होऊन आलेला माणूस परत का जातो?
— एक लेक, वडगाव, बेळगाव

उत्तर : ताई, तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण दोन्हींच्या मुळाशी गोष्ट एकच आहे. आधी रात्रीचं बघू.

आपल्या श्वासनळ्या चोवीस तास सारख्याच मोकळ्या नसतात. दुपारी त्या सर्वांत रुंद असतात आणि पहाटे चारच्या सुमारास सर्वांत अरुंद. हे तुमच्या-माझ्या, सगळ्यांच्याच बाबतीत घडतं. हेट्झेल आणि क्लार्क या ब्रिटिश डॉक्टरांनी १९८० साली हा चढउतार मोजला. निरोगी माणसांत तो सरासरी ८ टक्क्यांच्या आसपास भरला, म्हणजे झोपेत कळतही नाही एवढा. दमेकऱ्यांत तोच ५० टक्क्यांच्या घरात गेला. ज्या नळ्या आधीच सुजून अरुंद झाल्या आहेत, त्यांच्यातली निम्मी वाट पहाटे आणखी बंद होत असेल, तर माणूस उठून बसणारच.

असं का होतं, याची कारणं बरीचशी कळली आहेत. सूज आवरून धरणारं कॉर्टिसोल हे संप्रेरक मध्यरात्रीच्या सुमाराला सर्वांत कमी असतं. नळ्या मोकळ्या ठेवणारं अ‍ॅड्रेनलिनही पहाटे तळाला गेलेलं असतं. उलट नळ्या आवळणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचं काम रात्री जोरात चालतं. त्यात आडवं झाल्यावर पोटातलं आम्ल वर येतं, गादी-उशीतल्या बारीक किड्यांची धूळ तोंडाशी असते, हवा गार झालेली असते. पूर्वी वाटायचं की दोष सगळा झोपेचा आणि गादीचा. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेत १७ दमेकऱ्यांना दिवस-रात्र कळणार नाही अशा खोल्यांत, मंद उजेडात, ठरावीक आहारावर ठेवून पाहिलं. तेव्हा झोप असो वा नसो, शरीराच्या आतल्या घड्याळात ‘रात्र’ झाली की श्वास कमी भरतो, हे स्पष्ट दिसलं.

आईला खिडकीशी बसल्यावर बरं वाटतं, हेही जुनंच निरीक्षण आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात तमक श्वासाचं वर्णन आहे. त्यातला रोगी आडवा झाला की त्याचा त्रास वाढतो, बसला की हलकं वाटतं, आणि ढग दाटले, पाऊस आला, गारठा पडला, पूर्वेचा वारा सुटला की दम उसळतो. वडगावातल्या आषाढाचं वर्णन यापेक्षा वेगळं काय करणार! जॉन फ्लॉयर नावाच्या इंग्रज वैद्यानं १६९८ साली दम्यावर आख्खा ग्रंथ लिहिला. तो स्वतः दमेकरी होता आणि रात्रीच्या पहिल्या झोपेतून दमानं जाग येते, ही नोंद त्यानंही करून ठेवली आहे.

आता महत्त्वाचं. दम पहाटे तीनला लागतो खरा, पण त्याची सुरुवात पहाटे तीनला झालेली नसते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दम्याच्या ४२५ मोठ्या अटॅकांच्या आधीच्या दिवसांच्या नोंदी तपासल्या. रुग्ण रोज सकाळ-संध्याकाळ फुंकून आपला श्वास मोजत होते, त्यामुळं मागं जाऊन पाहता आलं. अटॅकच्या आधी चार-पाच दिवस श्वास हळूहळू उतरत आलेला होता आणि शेवटच्या दोन-तीन दिवसांत झपाट्यानं खाली गेला. म्हणजे ज्या रात्री तुम्ही रिक्षा शोधता, ती त्या अटॅकची शेवटची रात्र असते. त्याआधीचे पाच-सात दिवस आई घरात तुमच्यासमोरच वावरत होती.

त्या दिवसांत काय दिसतं ते सांगतो, कारण घरच्यांनी ओळखायचं असतं ते हेच. निळा पंप एरवी आठवड्यातून एखाद्या वेळी लागायचा, तो आता रोज लागतो. रात्री एकदा खोकून जाग येते. एका उशीच्या दोन होतात. माळ्यावर जायचं काम उद्यावर जातं. देवपूजेचं पाणी भरताना मध्येच थांबावं लागतं. आई स्वतः सांगणार नाही. ‘थोडा कफ झालाय, काढा घेते’ एवढंच म्हणेल. आपल्या घरातल्या बायका आजाराचं तोंडातून काढत नाहीत, तेव्हा हे बघायचं काम लेकीनं-सुनेनं, मुलानं करायला हवं. पंप किती वेळा उघडला, एवढं जरी कॅलेंडरवर रेघ मारून ठेवलं तरी आठवड्याभरात चित्र दिसतं.

आणि आठवडाभर आधी नेमकं काय घडलेलं असतं? बहुतेक वेळा साधी सर्दी. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या शाळकरी मुलांच्या दम्याच्या उसळीच्या वेळी नाकातले नमुने तपासले, तेव्हा पाचपैकी चार वेळा विषाणू सापडले, त्यातही सर्दीचा राइनोव्हायरस सर्वांत जास्त. पावसाळा लागतो, शाळा सुरू होतात, नातवंडं नाक गळत घरी येतात आणि आठवड्याभरात आजीला दम लागतो. हा क्रम बेळगावातल्या कुठल्याही डॉक्टरांच्या ओळखीचा असेल. त्यावर पावसाळ्याची ओल येते. भिंतीला काळी बुरशी धरते, कपडे घरात वाळतात, दारं-खिडक्या बंद, आणि डासांसाठी कॉईल पेटलेली. एक कॉईल जळून संपेपर्यंत जेवढे बारीक कण हवेत सोडते, ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके भरतात, असं २००३ साली मोजलं गेलं आहे. दमेकऱ्याच्या खोलीत कॉईल लावू नका, मच्छरदाणी बांधा. ही एक गोष्ट आजच करता येईल.

पावसाळ्याआधीचा वळीवही काहींना बाधतो. पहिल्या सरीनं मातीचा वास सुटतो तेव्हा सगळे आनंदानं बाहेर येतात, पण काही दमेकऱ्यांची छाती त्याच वेळी आवळते. ढगांचा गडगडाट, वारा आणि एकदम उतरलेलं तापमान यांत गवताचे परागकण ओल शोषून फुटतात आणि त्यांचे बारीक तुकडे थेट खोल श्वासनळीत उतरतात. ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहरात २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी असं वादळ आलं. दोन दिवसांत तिथल्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत श्वासाच्या रुग्णांची हजारोंनी भर पडली आणि १० माणसं गेली. आलेल्यांत बरेचजण असे होते, ज्यांना दमा आहे हे तोवर माहीतच नव्हतं. त्यांना फक्त शिंका यायच्या, नाक वाहायचं. आपल्याकडं काँग्रेस गवत रस्त्याकडेला, पडीक प्लॉटमध्ये माजलेलं असतं. ज्यांना दरवर्षी त्या दिवसांत शिंकांचा त्रास होतो, त्यांनी छातीही तपासून घ्यावी.

दिवाळीनंतरची कारणं वेगळी. फटाक्यांचा धूर, सोयाबीनच्या मळणीची धूळ, उसाच्या फडात पेटवलेलं पाचट, गुऱ्हाळांचा धूर, मग थंडी, आणि ३१ डिसेंबरच्या रात्री बेळगावात जागोजागी जळणारे ‘ओल्ड मॅन’. परंपरा ज्यानं-त्यानं जपावी, पण त्या रात्री दमेकऱ्याला घरात, खिडकी लावून ठेवावं. सोयाबीनबद्दल थोडं थांबून सांगावंसं वाटतं, कारण बेळगाव जिल्ह्यात आता त्याचा पेरा मोठा आहे. स्पेनमधल्या बार्सेलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात २६ वेळा असं झालं, की एका ठरावीक दिवशी दमेकऱ्यांची झुंबड तातडीच्या विभागात उडायची आणि दुसऱ्या दिवशी सगळं शांत. कारण कुणाला सापडेना. शेवटी होसेप आंतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंदराच्या नोंदी आणि रुग्णालयाच्या नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या. ज्या दिवशी बंदरात जहाजातून सोयाबीन उतरवलं जायचं, तेच हे दिवस होते. सोयाबीनच्या टरफलाची धूळ वाऱ्यानं गावभर पसरत होती. गोदामाला गाळणी बसवली आणि साथ थांबली. १९८९ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. तेव्हा मळणीयंत्राच्या वाऱ्याच्या दिशेला दमेकऱ्यानं उभं राहू नये. काम करावंच लागलं तर नाकावर पदर पुरत नाही, घट्ट बसणारा मास्क लावावा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. दवाखान्यात तासाभरात बरं वाटतं, मग परत का जावं लागतं?

दम्याच्या अटॅकमध्ये श्वासनळीत दोन गोष्टी घडतात. नळीभोवतीचे स्नायू आवळतात, आणि नळीचं आतलं अस्तर सुजतं, त्यावर चिकट कफ साठतो. मशीननं दिलेली वाफ, म्हणजे साल्ब्युटामोल आणि त्याच्या जोडीचं इप्राट्रोपियम, पहिल्या गोष्टीवर काम करते. स्नायू मिनिटांत सैल पडतात, आईला हुश्श वाटतं, तुम्हालाही वाटतं. दुसरी गोष्ट, सूज, ती तशीच असते. तिच्यावर औषध स्टिरॉइडचं. त्याचा परिणाम दिसायला चार-सहा तास लागतात आणि सूज उतरायला काही दिवस. म्हणून मोठ्या माणसाला साधारण पाच ते सात दिवस प्रेडनिसोलोनच्या गोळ्या देतात. पुष्कळदा होतं ते असं, की दोन दिवसांत दम उतरला म्हणून तिसऱ्या दिवशी गोळी बंद होते. ‘स्टिरॉइड आहे, वाईट असतं’ असं शेजारणीनंही सांगितलेलं असतं. सूज अर्धी राहिलेली, पुढची सर्दी आली, की पुन्हा तीच पहाट.

पण गोळ्यांचा कोर्स पुरा केला तरी खरं काम उरतंच. सूज मुळात साठू नये म्हणून रोज घ्यायचं औषध वेगळं असतं: श्वासातून घ्यायचं, अगदी कमी मात्रेचं स्टिरॉइड, बुडेसोनाइडसारखं. ते आपल्या देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. तातडीच्या विभागाकडून एक गोष्ट मागून घ्यायची असेल तर ती हीच चिठ्ठी. तिथले डॉक्टर एका रात्रीत अनेकांचे जीव सांभाळत असतात. त्यांनी अटॅक मोडला, त्यांचं काम झालं. रोजचं औषध कोणतं, ते कसं घ्यायचं आणि दोन-चार दिवसांनी कुणाला दाखवायचं, हे विचारल्याशिवाय तिथून निघू नका. ब्रिटनमध्ये दम्यानं गेलेल्या १९५ जणांच्या कागदपत्रांची छाननी करून २०१४ साली एक अहवाल निघाला. त्यातले १० टक्के लोक रुग्णालयातून घरी गेल्यावर २८ दिवसांच्या आत गेले होते. डिस्चार्जनंतरचा महिना हा आजारपणाचाच भाग आहे, हे त्या आकड्यातून मला सर्वांत ठळक दिसतं. आणि ४५ टक्के लोक मदत मागण्याआधीच किंवा मदत पोचण्याआधी गेले.

२०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की नुसता निळा पंप, म्हणजे फक्त स्नायू सैल करणारं औषध, हा मोठ्या माणसाच्या दम्याचा उपचार नव्हे. सोबत सूज उतरवणारं औषध हवंच. कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासात २००० साली दिसलं, की वर्षाकाठी श्वासातल्या स्टिरॉइडचा एकेक डबा जास्त वापरला तशी दम्यानं मृत्यू येण्याची शक्यता २१ टक्क्यांनी उतरत गेली. फिनलंडनं १९९४ ते २००४ अशी दहा वर्षं हाच कार्यक्रम देशभर राबवला: लवकर निदान, रोजचं औषध, नर्स आणि औषध दुकानदार यांना प्रशिक्षण. दम्यासाठी रुग्णालयात काढलेले दिवस निम्म्याहून खाली आले. फार महागडं यंत्र त्यात काहीच नव्हतं.

तर ताई, आईला या आठवड्यात, दम नसताना, दिवसाउजेडी डॉक्टरांकडं न्या. फुंकण्याची तपासणी करून घ्या. आणि पंप त्यांच्यासमोर मारून दाखवायला सांगा. वर्षानुवर्षं पंप वापरणाऱ्यांतलेही कितीतरी लोक औषध जिभेवरच मारतात, छातीत काही जातच नाही.

प्रश्न : माझ्या सासूबाईंनी निपाणीत तंबाखूच्या वखारीत तीस वर्षं काम केलं. बिडीला कधी हात लावला नाही. आता चार पावलं चाललं की धाप लागते. डॉक्टर म्हणतात सीओपीडी आहे, हा बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना होणारा आजार. मग त्यांना कसा झाला? कोरोनाच्या वेळी घेतलेलं ऑक्सिजनचं मशीन घरी आहे. धाप वाढली की आम्ही ते मोठं करून लावतो. बरोबर आहे का?
— एक सून, निपाणी

उत्तर : मशीनचं आधी सांगतो, कारण त्यात धोका आहे. ते मोठं करून लावू नका.

सीओपीडीच्या जुन्या रोग्यांमध्ये काहींच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो. अशांना भरमसाट ऑक्सिजन दिला की तो आणखी साठतो. रोगी शांत होतो आणि घरच्यांना वाटतं आराम पडला. पण तो पेंगुळतो, बरळतो, हाक मारली तर उठत नाही. ऑस्ट्रेलियात टास्मानिया बेटावर रुग्णवाहिकेतल्या रोग्यांवर हे तपासलं. मुक्त ऑक्सिजन दिलेल्यांच्या तुलनेत मोजून-मापून, बोटावरच्या यंत्रावर ८८ ते ९२ दिसेल एवढाच ऑक्सिजन दिलेल्यांत मृत्यू निम्म्याहूनही कमी झाले. हे २०१० साली प्रसिद्ध झालं. सासूबाईंच्या बोटाला यंत्र लावल्यावर ९० दिसलं तर घाबरून ९८ करायला जाऊ नका. घरी ऑक्सिजन लागतो का, किती लिटर, किती तास, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो आकडा मशीनवरच चिकटवा. दम्याच्या रोग्याचं लक्ष्य मात्र वेगळं, ९३ ते ९५. म्हणून आजार नेमका कोणता, हे कळणं एवढं महत्त्वाचं.

आता त्यांना हा आजार कसा झाला ते. सीओपीडी फक्त धूम्रपान करणाऱ्यांना होतो, ही समजूत चुकीची ठरवण्यात एका मराठी डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, की जगातल्या सीओपीडीच्या रोग्यांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी आयुष्यात कधी सिगारेट-बिडी ओढलेली नसते. चुलीचा धूर, शेणी आणि लाकडाचा जाळ, कामाच्या जागची धूळ, लहानपणची छातीची दुखणी, अर्धवट बरा झालेला क्षयरोग, ही त्यामागची कारणं. भारतात तर हा आजार फार मोठा आहे. २०१६ साली देशात साडेपाच कोटी लोकांना सीओपीडी आणि जवळपास ३ कोटी ८० लाख लोकांना दमा होता. जगाच्या लोकसंख्येत आपला वाटा १८ टक्के, पण श्वसनाच्या जुनाट आजारांच्या ओझ्यात ३२ टक्के.

सासूबाईंच्या आयुष्यात यातली दोन-तीन कारणं एकत्र आली असणार. निपाणीच्या वखारींत बायकांनी कोणत्या धुळीत दिवस काढले, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. तंबाखू चाळायचा, पाखडायचा, भरायचा, आणि नाकातोंडाला लुगड्याचा पदर. १९८० च्या सुमाराला याच बायका संघटित होऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यावर दीपा धनराज यांच्या ‘युगांतर’ गटानं १९८२ साली ‘तंबाकू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. मजुरी, कामाचे तास, मालकांची वागणूक यांवर त्या लढल्या आणि बरंच मिळवलंही. छातीतली धूळ मात्र त्यांच्याबरोबर घरी आली. घरी आल्यावर त्यांनी चूल पेटवली. आज त्या सत्तरीत आहेत आणि त्यांच्या फुप्फुसाच्या आजाराला कुणी कामाचा आजार म्हणत नाही. तो म्हटला गेला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. डॉक्टरांच्या फाइलमध्ये ‘धूम्रपान नाही’ एवढं लिहून थांबू नका. ‘तंबाखू वखारीत काम, तीस वर्षं; चुलीवर स्वयंपाक, इतकी वर्षं’ हेही लिहून घ्या.

सीओपीडीची उसळी दम्यासारखी एका रात्रीत क्वचित येते, तिला बहुधा दिवस लागतात. तीन खुणा बघायच्या: धाप नेहमीपेक्षा वाढली, कफ वाढला, कफाचा रंग पिवळा-हिरवा झाला. यातल्या दोन दिसल्या, त्यातही रंग बदलला, तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडं. अशा वेळी पाच दिवसांच्या स्टिरॉइडच्या गोळ्या पुरतात, चौदा दिवस देण्याची गरज नाही, हे २०१३ सालच्या एका चांगल्या चाचणीनं दाखवलं आहे. पावसाळ्याआधी फ्लूची लस आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं न्यूमोनियाची लस द्या. बरं असताना रोज थोडं चालवा. धाप लागते म्हणून खुर्चीत बसवून ठेवलं की पायांतली ताकद जाते आणि धाप आणखी लवकर लागते. चालताना नाकानं श्वास घ्यायचा आणि ओठ शिट्टी वाजवताना करतो तसे चंबूसारखे करून सावकाश सोडायचा.

निपाणीकरांसाठी आणखी एक. तुम्हाला रात्री कोल्हापूर जवळ, बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट लांब. काही जण एकदा कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात जातात, एकदा बेळगावला, एकदा गावातल्या डॉक्टरांकडं, आणि प्रत्येक ठिकाणी नवा कागद तयार होतो. एकाच वहीत सगळं चिकटवा. रुग्ण बरा असताना त्याचा ऑक्सिजन किती असतो, चालू औषधं कोणती, आधी कधी आयसीयूत ठेवलं होतं का. रात्रीच्या डॉक्टरांना या तीन गोष्टी कागदावर मिळाल्या की ते लगेच कामाला लागू शकतात.

प्रश्न : पंपाची सवय लागते म्हणतात, खरं का? आमच्याकडं काही जण मृगाला हैदराबादला माशाचा प्रसाद घ्यायला जातात. वाफेचं मशीन घरी घेऊन ठेवावं का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : पंपाची सवय लागत नाही. आजार रोजचा आहे म्हणून औषध रोजचं. गोळी पोटात जाऊन रक्तातून सगळ्या अंगभर फिरते, तेव्हा तिचं माप मिलिग्रॅममध्ये असतं. पंपातलं औषध थेट श्वासनळीत जातं, म्हणून ते मायक्रोग्रॅममध्ये पुरतं. अटॅकच्या वेळची ४० मिलिग्रॅमची गोळी आणि पंपातले २०० मायक्रोग्रॅम यांत दोनशे पटींचा फरक आहे. पंप टाळून दरवर्षी चार-पाच वेळा गोळ्या-इंजेक्शनं घेणाऱ्याच्या अंगात स्टिरॉइड कितीतरी जास्त जातं. पंपानंतर चूळ भरायची, म्हणजे तोंडाला पांढरं येत नाही.

हैदराबादचा बथिनी गौड कुटुंबाचा मृगाचा प्रसाद प्रसिद्ध आहे. लोक लांबून श्रद्धेनं जातात. जायचं असेल तर जा. पण त्यानं दमा बरा होतो असं कुठल्याही चाचणीत दिसलेलं नाही. प्रवासात पंप खिशात ठेवा आणि प्रसाद घेतला म्हणून रोजचं औषध एक दिवसही बंद करू नका. मृग हा दमेकऱ्यांसाठी वर्षातला अवघड काळ, औषध सोडायला त्याहून वाईट मुहूर्त नाही.

मशीन घ्यायची बहुतेकांना गरज नसते. साध्या आणि मध्यम अटॅकमध्ये पंपाला स्पेसर, म्हणजे मधली नळी, लावून घेतलेलं औषध मशीनच्या वाफेइतकंच काम करतं. स्पेसर परवडत नसेल किंवा हाताशी नसेल तर अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली चालते. केपटाऊनमधल्या डॉक्टर हीदर झार यांनी १९९९ साली मुलांवर हे तपासून पाहिलं. बाटलीच्या बुडाला पंपाचं तोंड घट्ट बसेल एवढं भोक पाडायचं, बाटलीचं तोंड ओठांत धरायचं, पंप एकदा दाबायचा आणि चार-पाच श्वास सावकाश घ्यायचे. मग पुढचा फवारा.

अटॅक आला तर रोग्याला बसवा, आडवं करू नका. निळा पंप स्पेसरमधून एकेक करून चार फवारे द्या. किती वेळा, किती अंतरानं, हे बरं असतानाच आपल्या डॉक्टरांकडून लिहून घेतलेलं असावं. सर्वसाधारण सूचनांत पहिल्या तासात दर वीस मिनिटांनी चार ते दहा फवारे द्यायला मुभा आहे. पण पुढच्यापैकी एक जरी गोष्ट दिसली तर वीस मिनिटं थांबू नका: एका दमात वाक्य पुरं होत नाही, ओठ किंवा नखं निळसर झाली, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, माणूस गोंधळला किंवा पेंगला, किंवा एवढा वेळ येणारा छातीतला सूं-सूं आवाज एकाएकी थांबला पण धाप थांबली नाही. आवाज थांबणं हे तेव्हा बरं होण्याचं लक्षण नसतं. हवा आत-बाहेर जायचीच थांबत चाललेली असते. ज्याला पूर्वी एकदा जरी आयसीयूत ठेवावं लागलं होतं, त्यानं तर सुरुवातीलाच निघावं. उजाडायची वाट बघू नका. फवारे देत-देत निघा आणि १०८ ला फोन करा. हा नंबर कर्नाटकातही तोच आहे आणि महाराष्ट्रातही.